टीव्हीच्या बॉक्सवर घरचे फोटो: चार पद्धतींचं परीक्षण

आधी कसोटी सांगतो, म्हणजे पुढचा कौल कशावरून दिला ते कळेल. दुपारचे अडीच वाजलेत. घरात आजी एकट्याच आहेत. लॅपटॉप मुलासोबत ऑफिसला गेलाय, सुनेचा फोन तिच्या पर्समध्ये. आजींना नातवाच्या बारशाचे फोटो मोठ्या पडद्यावर बघायचे आहेत. रिमोटची चार-पाच बटणं दाबून ते दिसले तर पद्धत पास, नाहीतर नापास. बाकी वेग, रंग, सोय यांचे गुण त्यानंतर.

या कसोटीवर घरच्या वायफायवरून फोटो टीव्हीवर नेण्याच्या चार पद्धती तपासल्या: फोनवरून कास्ट करणं, डीएलएनए (लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांना आपोआप शोधतात ती पद्धत), लॅपटॉपवरचं फोल्डर नेटवर्कवरून थेट वाचणं, आणि फोटो बॉक्सच्या पोटात कॉपी करून ठेवणं. पहिल्या तिन्ही कामाच्या आहेत, पण आजींच्या दुपारी उपयोगी पडते ती चौथीच. म्हणून तिच्यावरच जास्त लिहिलं आहे.

कुठला बॉक्स चालेल

मुंबईत केबल डिजिटल झाली ती ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीनंतर, आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक टीव्हीखाली एक बॉक्स आला. पण केबलवाल्याने दिलेल्या साध्या बॉक्सला घरचं नेटवर्क माहीतच नसतं. त्याला यूएसबीचं भोक असलं तर पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये (बहुतेक उपकरणांना वाचता येणाऱ्या साध्या मांडणीत) फॉरमॅट करून लावा आणि रिमोटवर मीडिया किंवा यूएसबीचं बटण शोधा. त्या बॉक्सचं काम तिथेच संपतं.

इथे लिहिलेलं सगळं अँड्रॉइड टीव्हीवर चालणाऱ्या बॉक्ससाठी आहे: एअरटेल एक्स्ट्रीम, टाटा प्ले बिंज प्लस, शाओमीचा मी बॉक्स फोर-के, किंवा ज्यात गूगल प्ले स्टोअर आहे असा कुठलाही. टीव्हीच गूगल टीव्ही असेल तर वेगळा बॉक्स लागत नाही, पायऱ्या त्याच.

दोन आकडे आधी बघून घ्या. साठवण आणि इथरनेट, म्हणजे नेटवर्कची वायर लावायची जागा. उदाहरणार्थ २०२० मध्ये भारतात आलेल्या मी बॉक्स फोर-केमध्ये २ जीबी रॅम, ८ जीबी साठवण, एक यूएसबी २.० पोर्ट आहे आणि इथरनेट नाही. ८ जीबीतून सिस्टीम आणि आधीची अ‍ॅप वजा केली की हाती चार-पाच जीबी उरतात. त्यातही किमान १ जीबी मोकळी ठेवावी, नाहीतर अ‍ॅपचे अपडेट अडकतात आणि बॉक्स रखडायला लागतो. म्हणजे फोटोंसाठी धरून चालायचं ते दोन-तीन जीबी. एवढ्यात काय बसतं, ते पुढे.

कास्ट आणि डीएलएनए

गूगल फोटोजमधून कास्ट करणं सगळ्यात सोपं. फोन आणि बॉक्स एका वायफायवर, वरचं कास्टचं चिन्ह दाबा, झालं. पाहुणे आले असताना कालच्या सहलीचे वीस फोटो दाखवायला याहून बरं काही नाही. पण फोटो क्लाउडवर चढलेले हवेत, इंटरनेट चालू हवं आणि फोन घरात हवा. १ जून २०२१ पासून गूगलची मोफत अमर्याद साठवण बंद झाली. आता जीमेल आणि ड्राइव्ह धरून १५ जीबी मिळतात, त्यामुळे पंधरा वर्षांचा घरचा खजिना तिथे फुकट मावत नाही. फोनचा स्क्रीन जसाच्या तसा टीव्हीवर टाकणं, म्हणजे मिररिंग, फोटोंसाठी वापरू नका. चित्राचा आधी व्हिडिओ होतो आणि मग तो टीव्हीवर जातो, त्यात बारकावे पुसले जातात.

डीएलएनए ही जुनी पद्धत. विंडोजमध्ये मीडिया स्ट्रीमिंग चालू केलं की लॅपटॉपवरचं पिक्चर्स फोल्डर टीव्हीला आपोआप दिसतं. पासवर्ड नाही, आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) नाही. दिसलं तर छान. पण बरेचदा दिसत नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. लॅपटॉप आणि टीव्ही एकमेकांना शोधतात ते २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, पोर्ट १९०० वर, सगळ्यांना एकदम हाक मारून. या प्रकाराला मल्टिकास्ट म्हणतात, आणि पुष्कळ राउटर वायफाय आणि वायर यांच्यामधून ही हाक नीट पोचू देत नाहीत. त्यामुळे लॅपटॉप वायफायवर आणि बॉक्स वायरवर असला की सकाळी दिसणारा लॅपटॉप संध्याकाळी गायब होतो. शिवाय फोटोंचा क्रम सर्व्हरच्या मर्जीवर. हे मानक सांभाळणारी संस्था २०१७ मध्ये विसर्जित झाली, त्यामुळे यात सुधारणा होईल अशी आशा नाही. आधीपासून चालत असेल तर चालू द्या. नव्याने मांडायला आम्ही सुचवणार नाही.

लॅपटॉपवरचं फोल्डर थेट वाचणं

यासाठी बॉक्सवर कोडी हे मोफत अ‍ॅप घ्या. ते प्ले स्टोअरवर मिळतं. ज्याच्याकडे सगळा मूळ साठा एका संगणकावर किंवा नासवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) आहे आणि तो संगणक दिवसभर चालू असतो, त्याच्यासाठी हे उत्तम. मांडणीत अडतं ते जवळजवळ नेहमी विंडोजच्या बाजूला, म्हणून ती बाजू नीट सांगतो. चौथ्या पद्धतीतही हीच मांडणी लागते, तेव्हा ही पायरी गाळू नका.

लॅपटॉपवर टीव्हीसाठी एक वेगळं लोकल खातं तयार करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट. तिथे मायक्रोसॉफ्टचा ईमेल विचारतील. 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' निवडा आणि पुढे 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा' घ्या. नाव आणि पासवर्ड साधे इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण ते रिमोटने एकेक अक्षर निवडून टाकायचे आहेत. हे खातं का लागतं? रोज लॅपटॉप उघडायला वापरता तो चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही. पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो. लोक बॉक्सवर पिन टाकत राहतात, 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येत राहतं, आणि दोष राउटरला दिला जातो.

मग फोटोंच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर. यादीत नवं खातं जोडा आणि परवानगी फक्त 'रीड' ठेवा. लिहिण्याची परवानगी दिली तर रिमोटच्या एका चुकीच्या बटणाने मूळ फोटो पुसला जाऊ शकतो.

नेटवर्कची प्रोफाइल 'प्रायव्हेट' आहे का बघा. नवीन वायफाय जोडलं की विंडोज ती 'पब्लिक' धरतं आणि लॅपटॉप बाकीच्यांपासून लपवतं. पुढे प्रगत शेअरिंगमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. विकतचा अँटीव्हायरस असेल तर त्याच्या फायरवॉलमध्ये पोर्ट ४४५ (फोल्डर शेअरिंगची वाट) अडवलेला नाही ना, तेही पाहा.

शेवटी कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा देऊन आयपीव्ही-४ चा पत्ता लिहून घ्या. कोडीत पिक्चर्स, अ‍ॅड पिक्चर्स, ब्राउझ, अ‍ॅड नेटवर्क लोकेशन असं जा. प्रोटोकॉल 'विंडोज नेटवर्क एसएमबी' (एसएमबी म्हणजे विंडोजची फोल्डर शेअर करायची भाषा), सर्व्हरच्या जागी तो पत्ता, शेअर केलेल्या फोल्डरचं नाव, मग नवं खातं आणि पासवर्ड. वरच्या यादीत लॅपटॉपचं नाव आपोआप दिसण्याची वाट बघू नका. २०१७ च्या शरदातल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली, असुरक्षित आवृत्ती नव्या मांडणीत बसवली जात नाही आणि तिच्यावर चालणारी ती जुनी यादीही तिच्याबरोबर गेली. 'एसएमबी वन चालू करा' असा सल्ला अजूनही फिरतो. तो ऐकू नका. पत्ता थेट टाकला की दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीवर काम होतं.

मॅक असेल तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये जनरल, शेअरिंग, फाइल शेअरिंग. त्याच्या पर्यायांत एसएमबीची खूण करून खालच्या यादीत आपल्या खात्यावरही खूण करा. ही दुसरी खूण राहून जाते.

राउटर काही दिवसांनी लॅपटॉपला दुसरा पत्ता देईल आणि कोडीतलं फोल्डर उघडेनासं होईल. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन करून पत्ता कायमचा करून ठेवा.

या पद्धतीचा दुसरा दोष वेगाचा. यादीतली छोटी चौकट काढायलाही अ‍ॅपला पूर्ण फाइल ओढावी लागते. तीनशे फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे १.२ जीबी. गर्दीच्या वायफायवर सेकंदाला ३ एमबी मिळाले तर सगळ्या चौकटी भरायला सहा-सात मिनिटं. पडद्यावर करड्या चौकोनांची रांग बघून माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय.

मुंबईतल्या घरांतलं नेटवर्क

वन बीएचकेमध्ये राउटर आणि टीव्ही यांच्यात दहा मीटरही नसतात, म्हणून सिग्नल कमी पडतो असं सहसा होत नाही. त्रास होतो तो शेजाऱ्यांच्या राउटरचा. एका मजल्यावर आठ घरं, वर-खाली तेवढीच, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. बॉक्स ५ गिगाहर्ट्झवर जोडा. राउटरने दोन्हींना एकच नाव दिलं असेल तर ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या, म्हणजे बॉक्स गुपचूप २.४ वर उतरणार नाही. हॉल आणि राउटर यांच्यामध्ये आरसीसीची जाड भिंत किंवा तुळई असेल तर मात्र ५ गिगाहर्ट्झ कमजोर पडतो. तिथे लॅमिंग्टन रोडवरून दहा-पंधरा मीटर चपटी कॅट-सिक्स वायर आणून दाराच्या चौकटीच्या कडेने सोडा. बॉक्सचा इथरनेट पोर्ट १०० एमबीपीएसचा असला तरी सेकंदाला ११ एमबीपर्यंत जातो आणि रात्रीच्या गर्दीतही तो वेग टिकतो.

दुसरी अडचण अनेक घरांत सापडते: एका घरात दोन राउटर. फायबरवाल्याने दिलेला एक, वर आपण आणलेला दुसरा. बॉक्स पहिल्याला जोडलेला, लॅपटॉप दुसऱ्याला. दोघांचे पत्ते बघा. जिओफायबरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, त्यामुळे त्याला जोडलेल्या बॉक्सच्या पत्त्यात तिसरा आकडा २९ येतो. लॅपटॉपच्या पत्त्यात त्या जागी ० किंवा १ असेल तर ती दोन वेगळी नेटवर्क आहेत आणि बॉक्सला लॅपटॉप दिसणार नाही. दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवणार नाही, किंवा दोन्ही उपकरणं एकाच राउटरला जोडा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर बॉक्स जोडला असेल तरीही हेच होतं, कारण गेस्ट नेटवर्क उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम तोडतं. काही राउटरमध्ये मुख्य वायफायवरही 'एपी आयसोलेशन' चालू असतं. ते बंद करा.

बॉक्समध्ये कॉपी करणं, आणि त्याआधीची तयारी

आता आमची पसंती. फोटो निवडायचे, टीव्हीच्या मापाचे करायचे, नेटवर्कवरून बॉक्सच्या आतल्या साठवणीत नेऊन ठेवायचे. लॅपटॉप बंद, इंटरनेट बंद, तरी अल्बम चालू.

मापाचं गणित बघा. फुल एचडी टीव्ही १९२० बाय १०८०, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०३२ बाय ३०२४ असतो आणि ३ ते ५ एमबीचा. फोर-के टीव्ही असला तरी बहुतेक अँड्रॉइड टीव्ही बॉक्स अ‍ॅपचा पडदा १०८० मध्येच रंगवतात. फोर-के फक्त व्हिडिओला मिळतं. म्हणून मोठा फोटो नेऊन डोळ्याला फरक पडत नाही, बॉक्सला मात्र पडतो. जेपीईजी उघडला की प्रत्येक पिक्सेलला मेमरीत ४ बाइट लागतात. १२ मेगापिक्सेलला जवळपास ४९ एमबी, आणि हल्लीच्या ५० मेगापिक्सेलवाल्या फोनच्या एका फोटोला २०० एमबी. २ जीबी रॅमच्या बॉक्समध्ये असे दोन-तीन फोटो एकापाठोपाठ आले की अ‍ॅप बंद पडतं. 'स्लाइडशो मधेच उडतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

१९२० बाय १०८० मध्ये बसवलेला फोटो साधारण अर्ध्या एमबीचा होतो. दोन हजार फोटो म्हणजे १ जीबी. सेकंदाला ३ एमबीने सहा मिनिटांत बॉक्समध्ये. पाच हजार मूळ फोटो २० जीबी होतात, ते ८ जीबीच्या बॉक्समध्ये शिरणारच नाहीत.

आकार बदलायला एक्सएनकन्व्हर्ट हे घरगुती वापराला मोफत असलेलं सॉफ्टवेअर चांगलं आहे. त्यात कृतींचा क्रम महत्त्वाचा. पहिली कृती: 'एक्झिफनुसार फिरवा'. फोन आडवा-उभा धरला तरी सेन्सर चित्र एकाच दिशेने लिहितो आणि 'मला इतकं फिरवून दाखवा' अशी नोंद सोबत ठेवतो. ती एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीत असते. काही अ‍ॅप ती नोंद वाचत नाहीत, मग आजोबा टीव्हीवर आडवे दिसतात. फोटो खरोखर फिरवून घेतला की कुठल्याही अ‍ॅपवर सरळ दिसतो. दुसरी कृती: रिसाइझ, 'फिट', १९२० बाय १०८०, फक्त लहान करा, मोठं करू नका. आउटपुट जेपीजी, क्वालिटी ८५ ते ९०. आयफोनचे फोटो जास्त पसरट रंगपट्टीत असतात आणि टीव्हीवर फिके वाटू शकतात, म्हणून रंग एसआरजीबीत, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगपट्टीत, बदलून घ्या. आउटपुट नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये. मूळ फोटोंना हात लावायचा नाही.

आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून एचईआयसी प्रकारात फोटो काढतो. बॉक्सवर ते बरेचदा उघडत नाहीत, काळा पडदा येतो. वरच्या रूपांतरात ते जेपीजी होऊन जातात. पुढच्या फोटोंसाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंबद्दल लोक नाक मुरडतात, पण टीव्हीसाठी ते वाटतात तेवढे वाईट नसतात. साध्या प्रतीत लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास असते, आणि ४:३ चा फोटो फुल एचडी पडद्यावर १४४० बाय १०८० एवढाच दिसतो. पिक्सेल पुरतात. बिघडतं ते दोन ठिकाणी. तोच फोटो चार गटांतून फिरून आला की दरवेळी पुन्हा दाबला जातो आणि चेहऱ्यांवर चौकोन उठतात. आणि काढल्याची तारीख पुसली जाते. फाइलच्या नावात असते ती व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या-गेल्याची तारीख. म्हणून १९८७ च्या मुंजीचा फोटो २०२४ मध्ये जाऊन बसतो. अशांची तारीख हाताने घाला किंवा त्यांचं फोल्डर वेगळं करा. न्यू जर्सीच्या मावशीकडून मूळ फोटो हवे असतील तर तिला ते व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

घरातल्या पाच फोनमधले फोटो लॅपटॉपवर गोळा करायला लोकलसेंड घ्या. मोफत आहे, अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक सगळ्यांवर चालतं, इंटरनेट लागत नाही. उपकरणं एकमेकांना दिसली नाहीत तर फायरवॉलमध्ये पोर्ट ५३३१७ उघडा. प्रत्येक फोनसाठी वेगळं फोल्डर करा, कारण दोन आयफोनमध्ये एकाच नावाच्या फाइल असणारच, आणि एकत्र केल्या की एक दुसरीवर चढते.

जुने कागदी फोटो ४ बाय ६ इंचाचे असतील तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० मिळतात, टीव्हीला पुरेसे. पण अल्बम एकदाच उघडणार असाल तर ६०० ने स्कॅन करा आणि टीव्हीची प्रत वेगळी काढा. हे काम पावसाळ्याआधी उरकलेलं बरं. मुंबईच्या दमट हवेत फोटो प्लास्टिकच्या पानाला चिकटतात आणि बुरशीचे ठिपके चेहऱ्यापर्यंत येतात. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

नावांबद्दल: टीव्हीवरची काही अ‍ॅप १, १०, ११, २ अशा क्रमाने लावतात. सॉफ्टवेअरने फाइलींची नावं वर्ष-महिना-दिवस-वेळ अशी करून घ्या, क्रम कधीच चुकत नाही. फोल्डरांना पुढे दोन आकडी क्रमांक द्या: ०१ बारसं, ०२ गणपती, ०३ गावचं घर. आकडे इंग्रजी ठेवा. कोडीत देवनागरी नावांच्या जागी चौकोन आले तर इंटरफेस, स्किनमध्ये फॉन्ट 'एरियल बेस्ड' करा. तरीही जोडाक्षरं फुटत असतील तर नावं रोमन अक्षरांत लिहिणं भाग आहे. एका फोल्डरमध्ये दीडशेपेक्षा जास्त फोटो नकोत, रिमोटने खाली जाताना बोट दुखतं.

प्रत्यक्ष कॉपी

अँड्रॉइड टीव्हीवर बहुधा फाइल मॅनेजर नसतो, तो टाकावा लागतो. एक्स-प्लोअर चांगलं. त्यातल्या काही सुविधांना पैसे लागतात, लॅनवरचं, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचं, फोल्डर वाचून कॉपी करणं फुकट आहे. पहिल्यांदा उघडल्यावर फाइलींची परवानगी मागेल. अँड्रॉइड ११ पासून 'सगळ्या फाइलींचा अ‍ॅक्सेस' सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळा द्यावा लागतो. तो दिला नाही की फोल्डर रिकामी दिसतात. डाव्या खिडकीत लॅन, नवा सर्व्हर, लॅपटॉपचा पत्ता, टीव्हीचं खातं. उजव्या खिडकीत आतली साठवण, त्यात पिक्चर्स फोल्डर. डावीकडून निवडा, कॉपी करा.

त्याआधी लॅपटॉपची झोप बंद करा आणि बॉक्सचीही. टीव्ही बंद केला की एचडीएमआयवरून बॉक्सला झोपायचा इशारा जातो आणि वायफाय तुटतं. अर्धवट आलेला जेपीईजी ओळखायची खूण म्हणजे वरचा भाग ठीक, खालचा राखाडी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. मॅकवरून एफएटी-३२ पेनड्राइव्हवर फोटो नेले तर प्रत्येक फोटोसोबत टिंब आणि अधोरेखाने सुरू होणारी लपलेली जोडफाइल येते. बॉक्सला ती खराब फोटो वाटते. ती पुसून टाकली तरी चालते.

रोजच्या भरीसाठी, म्हणजे कालच्या वाढदिवसाचे तीस फोटो, 'सेंड फाइल्स टू टीव्ही' पुरतं. फोनवर आणि बॉक्सवर दोन्हीकडे टाका, टीव्हीवर 'रिसीव्ह', फोनवर 'सेंड'. फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये पडतात, तिथून एक्स-प्लोअरने योग्य जागी हलवा. मोठ्या गठ्ठ्याला हे वापरू नका, मधेच तुटलं तर कुठपर्यंत आलं ते शोधत बसावं लागतं.

जागा कमी पडली तर बॉक्सच्या मागे पेनड्राइव्ह लावून त्यात कॉपी करू असं वाटेल. बऱ्याच बॉक्सवर अ‍ॅपना पेनड्राइव्ह वाचता येतो, पण त्यावर लिहायची परवानगी मिळत नाही. लॅपटॉपवर भरून मग लावणं सरळ. पेनड्राइव्ह 'डिव्हाइस स्टोरेज' म्हणून जोडायचा पर्याय दिसतो. तो घेतला तर पेनड्राइव्ह पुसला जातो आणि त्याचं कुलूप त्याच बॉक्सपुरतं होतं. बॉक्स जळाला की त्यातलं काही वाचता येत नाही. टीव्हीसाठीची प्रत असेल तर चालेल, मूळ फोटोंची एकमेव प्रत कधीच नको. स्वस्तात घेतलेल्या पेनड्राइव्हवर ६४ लिहिलेलं असून आत ८ असण्याचे प्रकार होतात. एचटूटेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर तो पूर्ण भरून परत वाचतं आणि खरं माप सांगतं. फोटो टाकण्याआधी ते चालवा.

दाखवायला कोडी

कोडीत पिक्चर्स, अ‍ॅड पिक्चर्स, ब्राउझ. इथे 'एक्स्टर्नल स्टोरेज' असं लिहिलेलं दिसतं, ती बॉक्सची आतलीच साठवण आहे. नावाने गोंधळू नका. फोटोंचं फोल्डर निवडा.

मग तीन सेटिंग बदला. प्लेयर, पिक्चर्समध्ये 'पॅन अँड झूम' बंद करा, नाहीतर उभ्या फोटोत डोकी कापली जातात. एक फोटो ५ सेकंद दिसतो तो १० करा. घरचे फोटो बघताना माणसं नावं घेतात, कोण कुठे बसलंय ते सांगतात, पाच सेकंद पुरत नाहीत. इंटरफेस, स्टार्टअपमध्ये सुरुवातीची खिडकी 'पिक्चर्स' करा. यानंतर कोडीचं चिन्ह दाबलं की थेट अल्बम समोर. ओके, ओके, आणि पुढे उजवा बाण. आपोआप चालायला हवं असेल तर डावं बटण दाबून बाजूच्या मेनूत 'स्लाइडशो'. पण वयस्कर माणसांना बाणच बरा वाटतो. हवं तिथे थांबता येतं.

कडा कापल्या जात असतील, गटाच्या फोटोत टोकाचा माणूस अर्धा दिसत असेल, तर दोष फोटोचा नाही. टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतोय. सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन', एलजीत 'जस्ट स्कॅन', सोनीत 'फुल पिक्सेल' असा पर्याय शोधा. दुकानातून आलेला टीव्ही 'व्हिव्हिड'वर असेल तर चेहरे तांबूस होतात आणि गणपतीच्या शेल्यातला केशरी रंग एका सपाट डागासारखा दिसतो. 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा. पहिल्या दिवशी पिवळट वाटेल, दोन दिवसांनी डोळे सरावतात.

बॉक्स ऑपरेटरचा असेल आणि पुढे परत द्यायचा किंवा बदलून घ्यायचा असेल, तर तंत्रज्ञ घरी येण्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट करा आणि मागचा पेनड्राइव्ह काढून घ्या. बाळाचे न्हाऊ घालतानाचे फोटो मात्र सुरुवातीपासूनच टीव्हीच्या प्रतीत घालू नका. हॉलमध्ये पाहुणे असतात, आणि शेजारचा मुलगाही रिमोट हातात घेतो.